गुहेचं मागचं तोंड

सरकारी नोकरीत मी शेकडो नकाशे काढले, पण त्यातल्या एकाही रस्त्याला माझे पाय लागले नव्हते. माझ्या हुद्द्याचं नाव ट्रेसर. सर्व्हेअरने उन्हातान्हात हिंडून पेन्सिलीने जे खरडून आणायचं, ते मी पंख्याखाली बसून ट्रेसिंगच्या गुळगुळीत कापडावर काळ्या शाईने उतरवायचं, एवढंच काम. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात मी एकटीच बाई होते. माझं अक्षर चांगलं आहे हे सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात मान्य करून टाकलं आणि त्यापुढे माझ्याविषयी आणखी काही मान्य करायची गरज कोणाला वाटली नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी अजून कायम झाले नव्हते. दर काही महिन्यांनी माझी नेमणूक संपायची, एक दिवस मला घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या आदेशाने परत घ्यायचे. सलग नोकरी झाली तर बाई हक्क सांगेल, ही सरकारला भीती. त्या एका दिवशी मी सरकारची कोणी नसायचे. आई म्हणायची, "काहून तोंड पाडून बसली वं? उद्या जाशीलच ना?" वडील कापडगिरणीत होते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी, आणि वडील ही बातमी सांगताना 'कायम' हा शब्द न चुकता लावायचे. त्यामुळे मला कायम होणं भागच होतं, नाहीतर बाप खोटा पडला असता.

अशात साहेबांच्या टेबलावर गुहेची फाइल आली.

सावनेरच्या पुढे एका टेकडीत ही गुहा. तोंडाशी देवीचं ठाणं, वर्षातून एकदा यात्रा. गुहा आत फाटे फुटत लांबवर गेलेली आणि तिला कुठेतरी दुसरं तोंड आहे, असं गावात सगळे म्हणत. फाइल इंग्रजांच्या वेळची होती. तेव्हापासून जो जो अधिकारी तिथे गेला त्याने एकच लिहून ठेवलं होतं, की दुसरं तोंड असल्याचं सांगतात, परंतु आढळून आलं नाही. आता कोणा पुढाऱ्याच्या मनात आलं होतं की दुसरं तोंड सापडलं तर यात्रेकरूंना एकीकडून आत सोडावं आणि दुसरीकडून बाहेर काढावं. मग पायऱ्या, कठडे, दोन्ही तोंडांना लोखंडी दारं, विजेचे दिवे, सगळं मंजूर होणार होतं. नाही सापडलं तर काहीच नाही.

साहेब पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे. त्यांनी मला बोलावलं. "आपल्या सर्व्हेअरचं अक्षर देवालाही लागत नाही. तुम्ही सोबत जा. ते आकडे सांगतील, तुम्ही जागेवर लिहून घ्या आणि आल्यावर नकाशा करा. हे काम नीट झालं तर तुमच्या कायमपणाच्या कागदाचं मी स्वतः बघतो."

मी 'हो सर' म्हटलं. त्यांनी गुहेत राहायला जा म्हटलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

सर्व्हेअर अस्सल नागपूरकर. भोसल्यांच्या वेळेपासूनचं घराणं, मुंडी हलवून बोलणं आणि पोट असं की टेबलाशी बसताना आधी पोट बसायचं आणि मग सर्व्हेअर. एसटीत शेजारी जागा असून मला पुढच्या बाकावर बसवलं आणि अख्ख्या प्रवासात मागून सांगत राहिले, "बाई, टेन्शन नका घेऊ. आपण शंभर नकाशे केले. मोजमाप हे अर्धं टेपनं अन् अर्धं अनुभवानं होते."

गुहेशी पुजारी उभाच होता. पन्नाशीचा, काटक. त्याने मला पाहिलं आणि सर्व्हेअरला म्हणाला, "सायेब, बाई बाहेरच बसन. आजवर इथं बाईचं पाऊल पडलं नाही. पडलं तर देवी कोपते."

देवी बाई असून बायांवर का कोपते, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव उरलेले नव्हते, आणि गावाने माझी वस्ती विचारली असती तर देवीला कोपायला आणखी एक कारण मिळालं असतं. शिवाय मी देवीला मानत नसले तरी कायम होणं मानत होते. मी गुपचूप एका दगडावर बसले, मांडीवर वही घेतली.

सर्व्हेअर चपला आणि कमरेचा पट्टा काढून आत गेले. चामडंही आत चालत नव्हतं. एका हाताने टॉर्च आणि दुसऱ्याने पँट धरायची म्हटल्यावर टेप धरायला हात उरला नाही, म्हणून टेप पुजाऱ्याने धरला. आतून आकडे ओरडले जायचे, मी लिहून घ्यायचे. थोड्या वेळाने ते घामाने निथळत बाहेर आले. "पुढं अरुंद आहे. माणूस जाऊच शकत नाही." खात्री करायला परत गेले, परत आले. दोन्ही खेपांची मोजमापं वेगळी निघाली. मी तसं दाखवलं तर म्हणाले, "दोन्हीच्या मधलं लिहा. सरकारला मधलंच आवडते."

मग जेवणं झाली. पुजाऱ्याच्या घरून भाकर आणि पिठलं आलं. दुपार तापली होती, पण गुहेच्या तोंडाशी सुरेख गारवा होता, आतून मंद हवा सारखी बाहेर येत होती. सर्व्हेअर, पुजारी आणि गावचे चार मातब्बर तिथेच पंचे टाकून आडवे झाले. हवेची तारीफ झाली. ही हवा येते कुठून, हे मात्र सहांपैकी कोणी विचारलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही, हे कबूल करते.

मला वेगळीच अडचण होती. सकाळपासून प्रवास, आणि बाईमाणसाने कुठे जायचं, हे सरकारच्या कोणत्याही दौऱ्याच्या आदेशात लिहिलेलं नसतं. भाकर घेऊन आलेल्या पुजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने माझा चेहरा वाचला. "चाल वं माझ्यासंगं," एवढंच म्हणाली. सर्व्हेअरने कंपास आणि टेपची पिशवी सांभाळायला माझ्याकडे दिली होती. ती खांद्याला तशीच अडकवून मी निघाले.

टेकडीला वळसा घालून आम्ही मागच्या अंगाला गेलो. तिथे बोरींची आणि पळसाची दाट झाडी. माझं काम आटोपून मी परतले तर समोरच्या जमिनीतून एक बाई वर आली. डोक्यावर टोपली, टोपलीत पांढरी शुभ्र माती. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी, तिच्या पाठीला झोपलेलं पोर बांधलेलं. मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी राहिलं.

त्या मला पाहून जागच्या जागी थबकल्या. म्हातारी त्यांना म्हणाली, "भेवू नोका. ही आपल्यातलीच हाय." आणि मग मला, "दिवाळी जवळ आली ना. भिती सारवाले माती लागते."

बोरीच्या जाळीआड, वाकून शिरता येईल एवढं भोक होतं. इंग्रजांपासून आजवरच्या साहेबांना जे सापडलं नाही ते हेच.

"आजी," मी म्हटलं, "पण तुमचा मुलगा तर म्हणतो की बाईचं पाऊल पडलं नाही."

"समोरून नाहीच पडलं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आमी मांगून जातो."

"त्यांना माहीत नाही? घर तर तुम्ही याच मातीने सारवत असाल ना?"

"भिती पांढऱ्या दिसल्या का त्याईचं झालं. माती कुठून आली, हे कोनी पुसते का? माह्या सासूनं मले दाखवलं, तिले तिच्या सासूनं. एकाही बुढ्यानं आजवर पुसलं नाही." मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "येतं का पाहाले?"

मी गेले. नोकरीतली ती पहिली जागा, जी मी आधी पायांनी पाहिली आणि मग कागदावर. सुरुवातीला बसून सरकावं लागलं, मग एकदम उभं राहता आलं. एका बाईच्या हातात रॉकेलची चिमणी होती. भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या, पायाखाली थंड ओल, वर वटवाघळांची कुजबुज. पुढे एक प्रशस्त जागा लागली. तिथे आणखी चार-पाच जणी होत्या. माती खणून झाली होती आणि त्या नुसत्या बसल्या होत्या. एकीने पाय लांब पसरले होते, एक दुसरीच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, आजारी असेल. म्हातारी म्हणाली, "काही नाही झालं तिले. इथं घंटाभर कोनी हाक मारत नाही, मनून पडली हाय."

माझ्यातला ट्रेसर एव्हाना जागा झाला होता. मी टेप काढला. बायांना मोठीच गंमत वाटली. एकीने टेपचं टोक धरलं, एकीने चिमणी कंपासवर धरली, मी आकडे लिहू लागले. त्यांचे हात सर्व्हेअरच्या हातांसारखे पँट सावरण्यात गुंतलेले नसल्यामुळे टेप ताठ राहत होता. वळणं घेत, एका ठिकाणी आडव्या होऊन आम्ही पुढे गेलो आणि अचानक समोर उजेडाची चीर दिसली. ते पुढचं तोंड. सर्व्हेअर ज्याला 'माणूस जाऊच शकत नाही' म्हणाले होते ती अरुंद जागा आम्ही नऊ जणींनी एकामागून एक ओलांडली होती.

बाहेरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. पुजारी कोणाला तरी सांगत होता, "माह्या आज्यापासून पाहून राहिलो, बाईची सावली पडू देली नाही आमी." त्याची आई माझ्या शेजारी अंधारात उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगळ्यांची तीच गत. हसू दाबताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी मी कार्यालयात कधीच हसले नव्हते, आणि इतक्या बायांसोबत तर नाहीच.

परत मागच्या तोंडाशी आल्यावर म्हातारीने माझा हात धरला. आता ती हसत नव्हती.

"कागदावर टाकशीन का हे?"

मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

"टाकू नोको, माय. कागदावर आलं का सरकार दार लावते. दार लावलं का चाबी माह्या पोराजवळ राहीन. मंग आमाले ना माती, ना घडीभर बसनं. तू शिकेल हायेस, तुले समजते."

"नाही टाकणार," मी म्हटलं.

"जबान?"

"जबान."

आम्ही पुढे आलो तेव्हा पुरुषमंडळी उठून चहा पीत होती आणि पंचनामा लिहून तयार होता. सर्व्हेअरने गुहेत शेवटपर्यंत जाऊन पाहणी केली, पुढे वाट नाही, दुसरे तोंड आढळून आले नाही, तसेच पूर्वापार प्रथेप्रमाणे कोणीही स्त्री आत गेली नाही, असा चांगला अर्ध्या पानाचा मजकूर. पाच पंचांच्या सह्या झाल्या होत्या. नोंदी घेणारी म्हणून खाली माझीही सही हवी होती. माझ्या कोपरांना पांढरी माती लागलेली होती, ती कोणाला दिसली नाही. एसटीची वेळ होत आली होती. मी सही केली.

आता मी केलेला शहाणपणा सांगते.

नागपूरला परतल्यावर दोन दिवस मी नकाशाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझी नेमणूक संपली आणि मला नेहमीचा एक दिवस घरी बसवलं. शेजारचे एक काका आले होते. वडील त्यांना सांगत होते, पोरगी आता कायम हाय, दौऱ्यावर पन पाठवतात तिले. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. आणि तिथेच माझं ठरलं. मी स्वतःला पुष्कळ चांगली कारणं दिली. नकाशा म्हणजे नकाशा, त्यात खोटं कसं काढायचं? सरकारी कामात वैयक्तिक शब्द कसा आणायचा? पायऱ्या झाल्या, दिवे आले तर गावाचंच भलं नाही का? खरं कारण असं की इतक्या साहेबांना न सापडलेलं मला सापडलं होतं, ते दाखवायचं होतं आणि कायम व्हायचं होतं. त्या बायांचा विचार मनात आला की मी रेघा ओढायचं रूलिंग पेन उचलायचे.

मी आयुष्यात इतका सुंदर नकाशा पुन्हा काढला नाही. प्रत्येक वळण, प्रत्येक फाटा, ती बसायची मोठी जागा. आणि मागच्या बाजूला, बोरीच्या जाळीच्या खुणेसह, ठळक अक्षरांत 'दुसरे तोंड'.

साहेबांनी नकाशा उलगडला आणि त्यांचा चेहरा खुलला. तो तेवढाच वेळ खुलला, जेवढा त्यांना फाइलमधला पंचनामा काढायला लागला. मग त्यांनी सर्व्हेअरला बोलावलं.

"हे तोंड तुम्ही पाहिलंत?"

सर्व्हेअर नकाशाकडे बघत राहिले. बिचाऱ्यांनी खोटं श्रेय घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. म्हणाले, "नाही सर. आपण तर लिहून देलं, रस्ता बंद."

"मग मोजलं कोणी?"

"मी, सर," मी म्हटलं. "मागून आत गेले होते."

साहेबांनी पंचनामा माझ्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कोणीही स्त्री आत गेली नाही. मग बोट खाली नेलं. माझी सही.

"बाई, पाच पंच आणि तुम्ही स्वतः लिहून देता की स्त्री आत गेली नाही. आणि नकाशा म्हणतो की गेली. पंचनामा खोटा आणि नकाशा खरा असं कसं होईल? उद्या गावाला कळलं की सरकारी बाईने देवीची प्रथा मोडली, तर मोर्चा येईल. कोणावर? माझ्यावर."

"पण सर, तोंड आहे. आजही तिथे आहे."

"असेल," साहेब म्हणाले, "पण आढळलेलं नाही."

नवीन नकाशा काढायला कापड नव्हतं, ते मोजून मिळायचं. त्यामुळे आहे त्यावरूनच तोंड काढून टाकायचा हुकूम झाला. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसता येत नाही, दाढीच्या पात्याने हलक्या हाताने खरवडावी लागते. मी दुपारभर खरवडत बसले. आधी अक्षरं गेली, मग जाळीची खूण, मग वाट. मी रडले, आणि कशासाठी रडले तेही सांगते. त्या बाया वाचल्या म्हणून नाही, मी शब्द मोडला म्हणूनही नाही. माझं इतकं चांगलं काम गेलं म्हणून.

फाइल बंद झाली. गुहेला ना पायऱ्या आल्या ना दार. मला वाटलं होतं, आता आपल्या कायमपणावर पाणी सोडावं. तर पुढच्याच वर्षी सगळ्याच तात्पुरत्या लोकांना कायम करायचा एक सरसकट आदेश मुंबईहून आला आणि मी शिपायांच्या, माळ्यांच्या यादीसोबत कायम झाले. त्या यादीसाठी कोणी नकाशा पाहिला नव्हता. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी मी आधीपासूनच कायम होते.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी एका सकाळी पुजारी कार्यालयात आला. गुहेच्या कामाचं काय झालं ते विचारायला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात व्हायचं होतं, म्हणून तीही सोबत होती. तो साहेबांकडे गेला आणि तिला माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवून गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तिला मी धुक्यासारखी दिसत असेन. पण माझा आवाज ऐकताच तिने हात पुढे केला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"तू जबान पाळली वं," ती म्हणाली. "सरकारी मानूस असून पाळली. गावात नवी सून आली का आमी तिले मांगून आत नेतो, बसवतो अन् सांगतो, नागपूरची एक पोरगी होती, तिनं आपलं तोंड कागदावर येऊ देलं नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. आजी, मी टाकलं होतं, एवढं चार शब्दांचं वाक्य होतं. ते निघालं नाही.

"दाखव ना तो कागद," ती म्हणाली. "मले दिसत नाही, पन हात तं लावू दे."

कपाटातून नकाशा काढून मी टेबलावर पसरला. तिचं बोट धरून मी पुढच्या तोंडाशी टेकवलं आणि सांगत गेले, इथे देवी, इथे अरुंद जागा, इथे तुमची बसायची जागा. माझ्या हातातून बोट सोडवून ती ते स्वतःच पुढे सरकवू लागली. तिला वाट पाठ होती. गुळगुळीत कापडावरून ते बोट बरोबर तिथे गेलं, जिथे मी पातं चालवलं होतं, आणि थांबलं. तिथे कापड खरबरीत झालं होतं. तिने बोट मागे घेतलं, पुन्हा तिथेच फिरवलं.

"इथं काही होतं का वं?"

"शाई सांडली होती, आजी," मी म्हटलं.

बोट तसंच तिथे होतं.

"बरं झालं," मग ती म्हणाली, "पुसली."

एवढं बोलून तिने हात माझ्या हातावर ठेवला आणि मुलगा बाहेर येईपर्यंत तशीच बसून राहिली. तिला दिसत नव्हतं, तरी मला तिच्याकडे बघता आलं नाही.